शहाण्यानं कोर्टाची पायरी चढावी

आमच्या घरच्या वाटणीच्या दाव्याची तारीख होती आणि वडिलांचे गुडघे धरले होते, म्हणून मी गेलो. तालुक्याच्या कोर्टात आयुष्यात पहिल्यांदाच जात होतो, पण कोर्ट मला चांगलं ठाऊक आहे अशी माझी समजूत होती. सिनेमांनी ते भरपूर दाखवलं होतं. उंच छत, साक्षीदाराचा पिंजरा, गीतेवर हात, टेबलावर आपटलेला हातोडा, आणि शेवटच्या वीस मिनिटांत कुणीतरी एकटा उभा राहून थेट न्यायासनालाच जाब विचारतोय.

प्रत्यक्षातली खोली आमच्या शाळेतल्या सातवी 'ब'च्या वर्गाएवढी होती. हातोडा नव्हता. (तो आपल्याकडच्या कुठल्याच कोर्टात नसतो, हे मला नंतर कळलं. तो परदेशी सिनेमातून आपल्या सिनेमात आलाय.) दाराबाहेर त्या दिवसाचा बोर्ड डकवलेला, त्यात आमचा नंबर त्रेपन्न. दुपारी तीनच्या सुमारास पुकारा झाला. आमचे वकील पुढे झाले, समोरच्या वकिलांनी म्हणणं दाखल करायला मुदत मागितली, बाईसाहेबांनी मान हलवली, रोजनाम्यात काहीतरी लिहिलं गेलं आणि पुढची तारीख पडली. सगळं मिळून अर्धं मिनिटसुद्धा नाही. मी वकिलांना विचारलं, "झालं?" ते म्हणाले, "झालं की. चहा घेणार?"

त्या अर्ध्या मिनिटात कुणी खोटं बोललं नाही. कुणी पैसे खाल्ले नाहीत. न्यायाधीश बाई सकाळपासून एकदाही न उठता बसल्या होत्या आणि त्यांच्यासमोरच्या फायलींची चळत संध्याकाळपर्यंत संपणं शक्य नव्हतं. तरी माझ्या वडिलांच्या आयुष्यातले आणखी दोन महिने गेले, ते गेलेच. कुणी घेतले? बोट दाखवायला समोर माणूसच नव्हता.

अन्यायी न्यायव्यवस्थेला एकट्यानं आव्हान देणाऱ्या नायकाचे सिनेमे आपल्याला फार आवडतात. मलाही आवडतात, नाही म्हणणार नाही. पण मला वाटायला लागलंय की ते आपली नजर चुकीच्या जागी खिळवतात. त्यांना एक दोषी चेहरा लागतो. विकला गेलेला वकील, दबावाखाली आलेला न्यायाधीश, फोनवरून हुकूम सोडणारा मंत्री. असले चेहरे अस्तित्वात नाहीत असं मी म्हणत नाही. पण बहुतेकांच्या वाट्याला येणारा अन्याय त्या चेहऱ्यांशिवायच होतो, आणि म्हणून तो पडद्यावर दिसत नाही.

'दामिनी' १९९३ सालचा. त्यातला तारखांवरचा तो संवाद आज तिशीतल्या पोरांनाही पाठ असतो, सिनेमा न पाहता. नोव्हेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी भर न्यायालयात वकिलांना सांगितलं, की हे न्यायालय 'तारीख पे तारीख'वालं न्यायालय होऊ नये. दोन महिन्यांत ३,६८८ प्रकरणांत पुढची तारीख मागणाऱ्या चिठ्ठ्या आल्या होत्या. आता गंमत पाहा. ज्या व्यवस्थेला उद्देशून तो संवाद फेकला होता, तीस वर्षांनी त्या व्यवस्थेचा प्रमुखच तो म्हणतोय. प्रेक्षक सहमत, वकील सहमत, सरन्यायाधीश सहमत. तारीख पडायची ती पडतेच. टाळ्यांनी हा प्रश्न सुटणार असता तर १९९३ च्या दिवाळीआधीच सुटला असता.

कोर्टातलं नाट्य म्हणून आपण जे पाहतो, त्याचा सांगाडा मुळात ज्यूरीच्या देशांतला आहे. तिथं बारा सामान्य माणसं बाकावर बसलेली असतात आणि त्यांचं मन वळवायचं असतं. त्यामुळे भाषणाला अर्थ असतो, आवाज चढवण्याला अर्थ असतो, दोन वाक्यांमध्ये थांबण्यालाही असतो. आपल्याकडे ज्यूरी होती. १९५९ च्या नानावटी खटल्यात (एका नौदल अधिकाऱ्यावरचा खुनाचा खटला) मुंबईच्या ज्यूरीनं आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीला निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं आणि तिथं जन्मठेप झाली. त्यानंतर आपल्याकडची ज्यूरी हळूहळू संपली. ज्यूरी गेली, पण सिनेमातलं ज्यूरीपुढचं भाषण राहिलं. ऐकणाऱ्याविना.

खऱ्या कोर्टात साक्षीदार बोलतो ते आधी न्यायाधीशाच्या कानात जातं, तिथून त्याच्या तोंडून लघुलेखकाच्या टंकयंत्रात. साक्षीदार म्हणतो, "म्या तवा बांधावर व्हतो, साहेब, काय दिसलं काय न्हाई." कागदावर उतरतं, 'घटनेच्या वेळी मी शेताच्या बांधावर हजर होतो. मला काही दिसले नाही.' बोलण्यातलं 'काय दिसलं काय न्हाई' आणि कागदावरचं 'मला काही दिसले नाही' ह्यांच्यात केवढं अंतर आहे, ते मराठी माणसाला सांगायला नको. पाच वर्षांनी निकाल लिहिताना न्यायाधीश बदललेला असतो आणि त्याच्यासमोर फक्त कागद असतो. कोर्टातलं खरं नाट्य ह्या भाषांतरात आहे. ते पडद्यावर आणायला मात्र फार धीर लागतो.

तो धीर चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'नं दाखवला. २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याला पुरस्कार मिळाले, नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही. आमच्या गावाजवळच्या थिएटरात तो लागला तेव्हा आम्ही अकरा जण होतो. नारायण कांबळे हा म्हातारा लोकशाहीर वस्तीतल्या कार्यक्रमात गात असतानाच पोलीस त्याला उचलतात. आरोप असा, की गटारात उतरून जीव द्या असं सांगणारं गाणं त्यानं गायलं आणि ते ऐकून वासुदेव पवार नावाच्या सफाई कामगारानं आत्महत्या केली. आरोप हास्यास्पद आहे. पण चालतो, कारण कागदावर आलाय, आणि कागदावर आलेलं काहीही चालवणं हे कोर्टाचं काम आहे.

ह्या सिनेमातल्या न्यायाधीशाला कुणी विकत घेतलेलं नाही. सरकारी वकील बाई (गीतांजली कुलकर्णी यांनी ती अशी काही वठवलीय की ती आपल्याच सोसायटीत राहते असं वाटतं) कलमं सपाट आवाजात वाचते, लोकलनं घरी जाते, मुलांचं बघते, स्वयंपाक करते. तिचा कांबळेवर काडीचा राग नाही. तिला तिचं काम संपवायचंय. बचावाचा वकील विनय व्होरा भला माणूस आहे, सुखवस्तू घरातला आहे आणि आपल्या अशिलाच्या जगापासून कैक मैल दूर आहे. एका प्रसंगात न्यायाधीश एका बाईंचं प्रकरण त्या दिवशी ऐकत नाही, कारण त्यांनी बिनबाह्यांचा पोशाख घातलाय. तो हे रागानंही म्हणत नाही. नियम आहे, एवढंच.

आणि मग मेलेल्या कामगाराची बायको साक्षीला येते. सिनेमाचा जीव ह्या साक्षीत आहे. ती सांगते, गटारात उतरण्याआधी तो दारू प्यायचा, कारण वास सहन व्हायचा नाही. झुरळं दिसतायत का ते पाहायचा. झुरळं जिवंत म्हणजे आत हवा आहे. गॅसनं त्याचा एक डोळा आधीच गेला होता. सुरक्षेचं कसलंही सामान कधी मिळालं नव्हतं. हे सगळं ती विचारलं तेवढ्यालाच उत्तर देत, भाजीचा भाव सांगावा तसं सांगते. ना पार्श्वसंगीत, ना कुणाच्या डोळ्यांत पाणी. त्या अर्ध्यामुर्ध्या वाक्यांत आरोप कोसळतो आणि खरा आरोपी कोण ते कळतं, पण तो आरोपी त्या खटल्यात पक्षकारच नाही. त्याच्याविरुद्ध एफआयआर नाही. म्हणून कोर्टाला त्याच्याशी कर्तव्य नाही.

कांबळेला जामीन मिळतो, मग दुसऱ्या, अधिक कडक कायद्याखाली पुन्हा अटक होते, आणि तेवढ्यात उन्हाळ्याची सुट्टी लागते. कोर्ट रिकामं होतं. एकेक दिवा मालवला जातो आणि पडदा काळा होतो. आमच्यातले चौघं उठून गेले, संपला असं समजून. संपला नव्हता. पुढं न्यायाधीश सहकुटुंब रिसॉर्टवर गेलेला दिसतो. बागेतल्या बाकावर त्याचा डोळा लागतो. पोरं येऊन ओरडतात, तो दचकून उठतो आणि हाताला लागलेल्या एकाला चापट मारतो. बाकीची पळून गेलेली असतात. कुठल्याही लांबलचक भाषणापेक्षा न्यायाबद्दल ह्या चापटीनं मला जास्त सांगितलं.

ह्या सिनेमावर 'निराशाजनक' असा शिक्का मारणारे भेटतात. नायकानं काहीतरी करायला हवं होतं, असं त्यांचं म्हणणं. कांबळेची भूमिका करणारे वीरा साथीदार हे नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते. पडद्यावर ते जे जगले त्याच्या आसपासचं पडद्याबाहेर घडतच होतं. पुण्याच्या कबीर कला मंचाचे शाहीर नक्षलवाद्यांशी संबंधांच्या आरोपावरून २०१३ पासून तुरुंगात होते. त्यांतल्या तिघांना सर्वोच्च न्यायालयाचा जामीन मिळेपर्यंत जानेवारी २०१७ उजाडला. तोवर खटल्याचा निकाल लागलेला नव्हता. गाण्याबद्दल माणूस तुरुंगात जावा की नाही ह्यावर वाद घाला, जरूर घाला. पण साडेतीन वर्षं निकालाविना, ह्यावर वाद घालायला कुठली बाजू उरते?

आणखी एक उदाहरण, ज्याच्यावर सिनेमा काढला तर कुणी विश्वास ठेवणार नाही. भीमा कोरेगाव प्रकरणात अटक झालेले, आदिवासींसाठी काम करणारे धर्मगुरू फादर स्टॅन स्वामी ८३ वर्षांचे, कंपवातानं हात थरथरणारे. तळोजा तुरुंगातून त्यांनी नोव्हेंबर २०२० मध्ये अर्ज केला, की पाणी पिण्यासाठी नळीचा पेला हवा. तपास यंत्रणेनं उत्तर द्यायला वीस दिवस मागितले. मिळाले. पेल्यासाठी तारीख पडली! त्यांच्यावरचे आरोप खरे की खोटे, हा प्रश्न इथं क्षणभर बाजूला ठेवू. ज्यानं मुदत मागितली तो रोजच्या सवयीनं मागत होता, आणि ज्यानं दिली तोही रोजच्या सवयीनं देत होता. आमच्या वाटणीच्या दाव्यात 'म्हणणं द्यायला मुदत' मिळते, तशीच. ५ जुलै २०२१ रोजी, जामिनाचा अर्ज उच्च न्यायालयात प्रलंबित असताना, ते गेले.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीप्रमाणे देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसं होती आणि त्यांतली ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी, म्हणजे ज्यांच्या खटल्याचा निकाल अजून लागायचाय असे. चारांपैकी तीन. म्हणजे आपले तुरुंग मुख्यतः गुन्हेगारांनी भरलेले नाहीत, तारखांनी भरलेत. त्यांतल्या काहींना तर जामीन मंजूर झालेला असतो. फक्त जामीनदार मिळत नाही. ऐपतदाखला, म्हणजे जामीनदाराची तेवढी ऐपत आहे असा कागद, आणणार कोण? ज्याच्या सातबाऱ्यावर नाव आहे असा कुणी ओळखीचा असता, तर तो माणूस बहुधा आत गेलाच नसता. २६ नोव्हेंबर २०२२ ला, संविधान दिनी, राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू लिहिलेलं भाषण बाजूला ठेवून ह्या कैद्यांबद्दल बोलल्या. दोन महिन्यांनी सर्वोच्च न्यायालयानं सूचना काढल्या: जामीन होऊन महिना उलटला तरी सुटका झाली नसेल, तर खालच्या न्यायालयानं अटी सैल करायचा विचार करावा. चांगली गोष्ट. पण ह्यात नायक कुठाय? टाळी कुठे वाजवायची?

विधी आयोगानं १९८७ साली सांगितलं, की दहा लाख लोकांमागे साडेदहा न्यायाधीश आहेत, ते पन्नास हवेत. मंजूर पदं धरली तरी आज आकडा एकवीस-बाविसाच्या आसपास घुटमळतोय. न्यायाधीशांच्या रिकाम्या खुर्च्यांवर सिनेमा निघत नाही.

"पण एकट्या माणसाचं धैर्य काहीच नाही का?" असं कुणी विचारील. आहे. एकटा माणूस आणि अन्यायी न्यायासन, ह्याचं सगळ्यात मोठं खरं नाटक मुंबईत, मराठीवरूनच झालं. जुलै १९०८. 'केसरी'तल्या अग्रलेखांवरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला, न्यायासनावर दिनशा दावर. ह्याच दावरांनी अकरा वर्षांपूर्वी बॅरिस्टर म्हणून टिळकांना जामीन मिळवून दिला होता. आता त्यांनीच जामीन नाकारला. कुठला पटकथाकार असा योगायोग लिहायला धजेल! ज्यूरीत सात युरोपीय आणि दोन पारशी. लेख मराठीत, आणि बहुसंख्य ज्यूरर मराठी न जाणणारे. त्यामुळे माणसाला शिक्षा द्यायची ती भाषांतर वाचून. टिळक स्वतःच उभे राहिले आणि एकवीस तासांहून जास्त बोलले. लोकांना शेवटची तेजस्वी वाक्यं माहीत आहेत, उच्च न्यायालयात त्यांची पाटीही लावलीय. पण त्या एकवीस तासांतला मोठा भाग शब्दांच्या कीस काढण्याचा होता. ह्या मराठी शब्दाचा असा अर्थ होत नाही, सरकारी भाषांतरकारानं तो असा का केला, वगैरे. कंटाळवाणं, काटेकोर, वकिली काम. सात विरुद्ध दोन मतांनी ते हरले. सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि ती त्यांनी मंडालेत भोगली.

निकालानंतर मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या. शिक्षेच्या प्रत्येक वर्षाला एक दिवस. ज्या कामगारांना कोर्टाच्या आवारात कुणी उभं केलं नसतं, त्यांनी तो निकाल वाचला आणि त्यावर आपला शेरा मारला.

ह्या गोष्टीला एक शेपूट आहे. १९१६ मध्ये टिळकांवर पुन्हा कारवाई झाली, भाषणांवरून चांगल्या वर्तनाचा जामीन-मुचलका मागितला गेला. ह्या वेळी वकील होते जीना. पुण्याच्या मॅजिस्ट्रेटचा हुकूम उच्च न्यायालयानं रद्द केला. टिळक जिंकले! किती जणांना ही केस माहीत आहे? कायद्याचा नेमका मुद्दा शांतपणे मांडून जिंकलेला खटला आपण विसरलो आणि भाषण करून हरलेला खटला आपल्याला पाठ आहे. मी टिळकांना दोष देत नाही. आपल्या आठवणीच्या आवडीनिवडीला देतोय.

दुसरं उदाहरण विदर्भातलं. मार्च १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला; आरोपी दोन पोलीस. कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तिचं नाव ठाऊक असतं. ज्यांच्यावर आरोप होता त्यांची नावं पटकन कुणाला आठवत नाहीत, म्हणून मी तिचं नाव इथं लिहीत नाही. सत्र न्यायालयानं पोलिसांना सोडलं. नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली: अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड नाही, म्हणजे संमती होती. ठाण्याच्या आत, रात्री, खाकी वर्दीसमोर, ती सोळा वर्षांच्या आतबाहेरची मुलगी.

कुणीही न्यायासनासमोर उभं राहून ओरडलं नाही. सप्टेंबर १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना एक खुलं पत्र लिहिलं: उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार. निकालातलं एकेक वाक्य उचलून त्यांनी विचारलं, की हे तुम्ही कशावरून म्हणता? मुकाट राहणं आणि संमती देणं ह्यांतला फरक तुम्हाला दिसत नाही का? पत्राची प्रत हातोहात फिरली, मुंबईत बायकांच्या सभा भरल्या, मोर्चे निघाले, बलात्कारविरोधी मंच उभा राहिला. फेरविचार झाला नाही. त्या मुलीला न्याय मिळालाच नाही, हे विसरता कामा नये. पण १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यातल्या बाईनं 'माझी संमती नव्हती' असं सांगितलं, तर ती नव्हती हे न्यायालयानं आधी धरून चालायचं, असं तेव्हापासून ठरलं.

ह्या दोन्ही गोष्टींत न्यायव्यवस्थेला हलवणारी माणसं कोर्टाच्या खोलीबाहेर होती आणि त्यांनी निकाल वाचलेला होता. सिनेमातल्या नायकाला ह्यातलं काही लागत नाही. तो सगळं स्वतःच करतो, त्यामुळे प्रेक्षकाला काही करायचं उरत नाही. पॉपकॉर्नचा डबा खाली ठेवून डोळे पुसले, की आपल्या वाट्याचं काम झालं.

माझ्या म्हणण्याला छेद देणारा एक सिनेमा आहे आणि तो मी लपवणार नाही. २०२१ चा तमीळ 'जय भीम'. इरुळर जमातीच्या एका माणसाचा पोलीस कोठडीत झालेला मृत्यू, आणि त्याच्या बायकोनं चालवलेला लढा. तो पाहून ज्यांनी हेबियस कॉर्पस (ताब्यात घेतलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा, असा आदेश) हा शब्द पहिल्यांदा ऐकला असे कितीतरी लोक मला भेटले. हा फायदा खोटा नाही. त्यातला वकील ज्यांच्यावर बेतलाय ते के. चंद्रू पुढं मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले, आणि मला वाटतं खरी रोमांचक गोष्ट सिनेमा संपल्यावर सुरू होते. 'माय लॉर्ड' म्हणू नका असं त्यांनी वकिलांना सांगितलं, पुढं चालणारा दंडधारी चोपदार नाकारला, आणि साडेसहा-सात वर्षांत जवळपास ९६ हजार प्रकरणं निकाली काढली. त्यासाठी बोर्ड कसा लावायचा, एकसारख्या विषयांची प्रकरणं एकत्र कशी घ्यायची, ह्याचा विचार करावा लागला असणार. पण खुर्चीत बसून फाईल उघडणाऱ्या माणसाचं पोस्टर कोण लावणार? वकील चंद्रूंपेक्षा न्यायमूर्ती चंद्रूंनी जास्त माणसांच्या आयुष्यातल्या तारखा वाचवल्या असतील, असा माझा अंदाज आहे.

आता पायरीकडे येतो. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना सांगत आलोय. पक्षकार म्हणून सल्ला चोख आहे; माझे वडील ह्याला दुजोरा देतील. पण ह्या म्हणीनं आपलं एक मोठं नुकसान केलं. कोर्ट ही जागा आपण अडचणीत सापडलेल्यांसाठी सोडून दिली. ग्रामसभेला माणूस उगाच जाऊन बसतो, विधानसभेचा गोंधळ टीव्हीवर बघतो, पण कोर्टात उगाच जाऊन बसलेला माणूस तुम्ही पाहिलाय?

कायद्यानं दार उघडं आहे. काही नाजूक खटले सोडले, तर कुणीही जाऊन मागच्या बाकावर बसू शकतो. हे दार किती उघडं असावं ह्यावर महाराष्ट्रातूनच एक मोठं भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. मुंबईतल्या एका अब्रुनुकसानीच्या दाव्यात न्यायमूर्ती तारकुंडे यांनी एका साक्षीदाराची साक्ष छापू नका असं तोंडी सांगितलं. त्याविरुद्ध मिरजकर हे पत्रकार लढले. १९६६ च्या निकालात साताऱ्याच्या गजेंद्रगडकरांनी, तेव्हा ते सरन्यायाधीश होते, खुली सुनावणी हा न्यायाचा आत्मा असल्याचं मान्य केलं आणि तरीही ती मनाई कायम ठेवली. न्यायमूर्ती हिदायतुल्ला वेगळ्या मताचे राहिले. मला हिदायतुल्लांची बाजू पटते. बंद खोलीत चांगला न्यायाधीशसुद्धा हळूहळू स्वतःच्या सोयीनं वागायला लागतो. मीही लागेन, तुम्हीही.

सप्टेंबर २०२२ पासून सर्वोच्च न्यायालयातल्या घटनापीठाच्या सुनावण्या घरबसल्या दिसतात. ते छानच झालं. पण घटनापीठासमोर देशातले नामांकित वकील असतात आणि सगळे नीटनेटके बोलतात. ऐपतदाखल्याअभावी परत तुरुंगाच्या गाडीत चढणारा माणूस तिथं नसतो. तो आपल्या जिल्ह्याच्या कोर्टात असतो, सकाळी अकरा ते साडेबाराच्या दरम्यान, आणि त्याच्याकडे कुणी पाहत नसतं. 'कोर्ट'मधला न्यायाधीश त्या बाईंना पोशाखावरून परत पाठवतो तेव्हा मागच्या बाकावर गावातले दहा जण वही घेऊन बसलेले असते, तर त्यानं तसंच केलं असतं का? केलंही असतं. पण त्याआधी एकदा वर पाहिलं असतं.

मागच्या महिन्यात आमच्या दाव्याची तारीख नव्हती, तरी मी गेलो. वही नेली होती. पट्टेवाल्यानं दारातच अडवलं, "तुमचा नंबर कितवा?"

"माझी केस नाही आज. बसायला आलोय."

"कुणाचे नातेवाईक?"

"कुणाचाच नाही."

त्यानं मला खालीवर न्याहाळलं. बहुधा मी दुसऱ्या बाजूचा असावा, अशी शंका त्याला आली असावी. कुठली तरी दुसरी बाजू असणारच. मग मागच्या बाकावर ठेवलेला फायलींचा गठ्ठा त्यानं उचलून जमिनीवर ठेवला आणि फडक्यानं बाकावरची धूळ झटकली. "बसा," तो म्हणाला, "पण पंख्याखाली बसू नका, तो साक्षीदारांचा."